बर्फातली पाचवी

“म्हंजे ह्यांची पाचवी झालीच न्हाई म्हणा,” आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर मुजावरांच्या हातातलं पेन कागदावरच थांबलं. त्या आम्हाला एक मोठा गोल काढून दाखवत होत्या. गोलाच्या आत, एका कडेला, बारीक ठिपक्यांचा पुंजका होता. हा पुंजका म्हणजे मूलपेशी, यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते, असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्या एवढंच म्हणाल्या, की तुमचे तिन्ही गर्भ पाचव्या दिवशी गोठवलेले आहेत, म्हणजे त्यांचं वय पाच दिवस. त्यावर माझ्या सासूबाईंनी हा निष्कर्ष काढला.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात खरं तर मला आणि रणधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बोलावलं होतं. आत्याबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. पण जयसिंगपूरहून निघताना आम्ही गाडीत बसायला गेलो, तर त्या आधीच मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन, बसलेल्या होत्या.

डॉक्टर मुजावर वयाने लहान आणि स्वभावाने सोशिक होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते ती पाचवी वेगळी. हे पाच दिवस जन्माच्या कितीतरी आधीचे, आईच्या पोटात जाण्याच्याही आधीचे.

“आधीचं असू द्या न्हाईतर मागचं,” आत्याबाई म्हणाल्या. “पाच म्हंजे पाच.”

रणधीरने छताकडे बघितलं. अडचणीच्या वेळी तो नेहमी छताकडेच बघतो, आणि जिथे छत नसेल तिथे मोबाइलकडे. मी मात्र लाजेने अर्धी झाले. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कोंबडीच्या गर्भाची आकृती मी फळ्याकडे न बघता काढू शकते, आणि माझ्याच सासूबाईंनी एका शास्त्रज्ञ बाईसमोर सटवाई आणून बसवली होती.

या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. रेवा तेव्हा दोन वर्षांची होती. ती त्याच दवाखान्यात, काचेच्या बशीत सुरू झालेली आमची मुलगी. तिच्यासोबत तयार झालेले आणखी तीन गर्भ उरले होते आणि ते तिथल्या टाकीत द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेले होते. रेवाच्या वेळी मी जवळजवळ जाऊन परत आले होते. पुन्हा बाळंतपण नाही, असं डॉक्टरांनी रणधीरला बाजूला घेऊन आणि मला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा त्या तिघांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर जेवायला बसत होता.

वाटा तीनच होत्या. तसेच ठेवायचे, टाकून द्यायचे, किंवा संशोधनाला द्यायचे. ठरवायचं होतं मला. रणधीरला विचारलं की तो म्हणे, तू म्हणशील तसं. या वाक्याइतका राग मला आजवर दुसऱ्या कशाचाही आलेला नाही.

आत्याबाईंच्या लेखी मात्र प्रश्नच नव्हता. बचत गटाच्या बैठकीत कोणी चौकशी केली, तर त्या सांगायच्या, मला चार नातवंडं. एक घरात, तीन कोल्हापुरात. कोल्हापुरात काय करतात असं विचारलं, की म्हणायच्या, काय करायचंय, थांबल्यात. पहिल्या थंडीत त्यांनी तीन टोपरी विणली आणि दवाखान्यात देऊन ये म्हणून माझ्या पर्समध्ये कोंबली. मी त्यांना नीट सांगितलं, की तिथे शून्याखाली एकशे शहाण्णव अंश असतं. त्या म्हणाल्या, “मग लोकर जाड घ्याय पायजे हुती.”

मी हसले होते. वर्गात मुलांना सांगितलं असतं तर तीही हसली असती. पण सांगितलं नाही, आणि टोपरी पर्समधून काढून कपाटात ठेवताना ती घडी करून ठेवली.

त्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी आम्हाला बोलावलं, कारण त्यांच्या संशोधन केंद्राला अखेर परवानगी मिळाली होती. डोळ्याच्या पडद्यामागचा थर म्हातारपणी झिजतो आणि माणसाला समोरचं दिसेनासं होतं. तो थर मूलपेशींपासून पुन्हा घडवता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. दिल्लीतल्या समित्यांमध्ये त्यांचा अर्ज दोन वर्षं फिरत होता. कोणी म्हणे गर्भाला हात लावणं म्हणजे जीवहत्या, कोणी म्हणे जे टाकूनच द्यायचं त्याचा उपयोग का करू नये, आणि कोणी काहीच म्हणे ना, नुसताच पुढच्या बैठकीची तारीख देई. आता निधीही मंजूर झाला होता. फक्त मार्चअखेर काम सुरू झालं नाही, तर तो परत जाणार होता.

हे सगळं सांगताना त्या दर चार वाक्यांनी म्हणत होत्या, “तुमच्यावर कसलंही दडपण नाही हं. मी आग्रह करायचा नाही असा नियमच आहे.”

मला थोडं दडपण हवं होतं. कोणीतरी दटावून सांगितलं असतं की दे, तर मी दिले असते. देऊ नको म्हटलं असतं, तर भांडून दिले असते. पण इथे सगळेच माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि आत्याबाई पाचवीवर अडून बसल्या होत्या. विचार करून कळवतो, असं सांगून आम्ही उठलो.

घरी मामंजी वाटच बघत होते. मामंजी एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या सोडल्या आणि अडवल्या, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न त्यांना सोडायचा की अडवायचा एवढाच दिसे. त्या महिन्यात वर्तमानपत्रांत मूलपेशींची चर्चा रंगली होती. कुठल्याशा शहरात कोणी भामटा मूलपेशींची इंजेक्शनं देऊन गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळं बरं करतो म्हणून लोकांना लुबाडत होता. मामंजींनी ती बातमी लाल पेनाने अधोरेखित करून ठेवली होती.

“बंदी घातली पायजे,” त्यांनी पानावर बसता बसता जाहीर केलं. “परमिट नाही, फिटनेस नाही, आणि निघाले गाडी घेऊन. पॅसेंजर मेला तर जबाबदार कोण?”

मी म्हटलं, मामंजी, तो भामटा आणि डॉक्टर मुजावर एक नव्हेत. यांच्याकडे परमिट आहे, दोन वर्षं रांगेत उभं राहून काढलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्तमानपत्रात दुसरा लेख आला. कडक नियमांमुळे आपले शास्त्रज्ञ परदेशी चालले, सरकार पुरेसा पैसा देत नाही, असं त्यात होतं. मामंजींनी तोही लाल पेनाने अधोरेखित केला.

“नुसता ब्रेक लावून बसलं तर गाडी स्टँडातच गंजायची,” ते म्हणाले. “सरकारनं सढळ हातानं पैसा द्यायला पायजे.”

रणधीर म्हणाला, “बाबा, काल तुम्ही बंदी घालत होता.”

“काल काल हुतं,” मामंजी म्हणाले आणि त्यांनी आमटी मागितली.

हसू येई, पण खरं सांगायचं तर मीही त्यांच्याइतकीच फिरत होते. दिवसा वर्गात उभी राहिले, की वाटे, कसला जीव आणि कसलं काय. शे-दोनशे पेशी, मेंदू नाही, मज्जातंतू नाही, सुईच्या टोकावर मावतील. संध्याकाळी रेवा मांडीत येऊन बसली, तिच्या मानेला तो पावडरचा आणि घामाचा वास आला, की वाटे, हीही तेवढीच होती. त्याच दिवशी, त्याच बशीत. डॉक्टरांनी हिला उचललं आणि त्यांना ठेवलं, एवढाच काय तो फरक. मग मला काही सुचत नसे आणि मी रेवाला उगाचच रागवत असे.

एके सकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि मी डबा भरत होते. मीच विषय काढला. म्हटलं, द्यायचं नाही असं तुमचं म्हणणं आहे ना, मग तसं सांगून टाका, म्हणजे मीही मोकळी होते.

“मी कवा म्हटलं द्यायचं न्हाई?” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “माझी नातवंडं काचंत घालून चिरणार, ते मला ग्वाड लागंल व्हय? पण ठेवून तरी काय करतीस? तू म्हातारी हुशील, मी मरून जाईन, आन् ती आपली पाच दिवसांचीच.”

“मग?”

“एक सांग मला. त्यास्नी कपाळ हाय?”

“नाही हो. कपाळ, हात, पाय, काहीच नाही अजून.”

“मग लिवलं कुटं आसंल?”

मी डब्याचं झाकण लावलं. विज्ञानात या प्रश्नाला उत्तर नाही, आणि असलं तरी बस चुकत होती.

त्यानंतर दोन-तीन दिवस आत्याबाई गप्प होत्या. आमच्या घरात ही गोष्ट इतकी विरळ, की शेजारच्या काकू तब्येत विचारायला येऊन गेल्या. मग रविवारी सगळे बसलेले असताना त्यांनी निकाल सांगितला. त्या तिघांची पाचवी करायची. दवाखान्यात जाऊन करायची. पाचवी झाली की मग ठेवा, टाका, डॉक्टरीणबाईला द्या, त्या मध्ये एक शब्द बोलणार नाहीत. पण पाचवीशिवाय कोणी सही केली, तर त्या जेवणार नाहीत.

मी चिडले. हे चक्क अडवणूक करणं आहे, असं मी म्हटलं. मी शिकलेली, कमावती, प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, आणि माझ्या पेशींचा निर्णय पाटा-वरवंटा पुजून होणार. उद्या कॉलेजात कळलं, तर मुलं माझ्या तासाला नारळ घेऊन येतील. रणधीरला म्हटलं, तुझी आई आहे, तू बोल. त्याने छताकडे बघितलं. मग मी मामंजींकडे वळले. म्हटलं, तुम्ही रोज पेपर वाचता, तुम्हीच सांगा आत्याबाईंना, की जे जन्मलंच नाही त्याची पाचवी नसते.

मामंजींकडे कधी मत नाही असं मी तोवर पाहिलं नव्हतं. एक नसे, तर दोन असत. पण त्या दिवशी ते उठले, मागच्या दारी गेले, आणि थोड्या वेळाने बघते तर वरवंटा दगडावर घासून घासून धूत बसलेले.

मला वाटलं, म्हातारा बायकोला घाबरतो.

शेवटी मीच डॉक्टर मुजावरांना फोन लावला. कसं विचारावं ते कळेना. म्हटलं, मॅडम, एक विचित्र विनंती आहे, नाही म्हणालात तर मला फार बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

“बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “गर्भ विकायला बंदी आहे. त्यांची जाहिरात करायला बंदी आहे. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. पाचवीबद्दल नियमावलीत काही म्हटलेलं नाही.”

“मॅडम, तुम्ही नाही म्हणा ना.”

“कशी म्हणू? आमच्यातही करतात. आम्ही सहाव्या दिवशी करतो, छट्टी.” मग त्यांनी आवाज खाली केला. “फक्त टाकीच्या खोलीत कोणाला जाता येणार नाही. बाहेर काच आहे, तिथे करा. आणि दिवा लावायचा नाही, तिथे ऑक्सिजनची नळी आहे. एवढं बाईंना पटवा.”

आत्याबाईंना दिवा नाही हे पटायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी मामंजींची ड्युटीवरची जुनी बॅटरी दिव्याच्या जागी चालेल, असं ठरलं.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. मामंजी रेवाला घेऊन घरी थांबले. दवाखान्याच्या फाटकाशी पिशव्या तपासत होते. आत्याबाईंच्या पिशवीत हात घातलेल्या रखवालदाराने पहिल्यांदा नारळ काढला, मग दहीभाताचा डबा, मग बॅटरी, मग वरवंटा, आणि मग विळा. विळा हातात आल्यावर त्याने शिट्टी शोधायला सुरुवात केली.

“मावशी, कुणाला मारायला चालला?”

“पाचवी हाय नातवंडांची,” आत्याबाई म्हणाल्या.

त्याने शिट्टी सोडून दिली. “आसं व्हय. पर पाचवी रात्री करत्यात की.”

“रात्री तू आत सोडणार हाईस?”

रखवालदाराने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. विळा मात्र त्याने ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात चपलांच्या स्टँडचा बिल्ला दिला. वरवंटा हत्यार आहे की नाही यावर तो आणि त्याचा वरचा माणूस यांच्यात बराच खल झाला. अखेर तो स्वयंपाकाचं साहित्य ठरला आणि आत गेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या बोळाच्या टोकाला ती काच होती. पलीकडे दुधाच्या कॅनसारख्या चार-पाच टाक्या, त्यांच्यावर आकडे. डॉक्टर मुजावरांनी त्यातली एक दाखवली. मी जवळजवळ तीन वर्षं त्या टाकीचं भाडं भरत होते, पण ती मी पहिल्यांदाच पाहत होते. रणधीर छताकडे नाही, त्या टाकीकडेच बघत होता, आणि त्याचा हात माझ्या पाठीवर आला होता.

आत्याबाईंनी जमिनीवर बसकण मारली. काचेपुढे पंचा पसरला, त्यावर वरवंटा उभा केला, त्याला हळद-कुंकू लावलं. नारळ ठेवला. बॅटरी लावून भिंतीला टेकवली. दहीभाताचा डबा उघडला. डॉक्टर मुजावर आधी उभ्या होत्या, मग त्याही पांढरा कोट सावरून खाली बसल्या. सहा योग्य की पाच योग्य, यावर दोघींचं हलक्या आवाजात बोलणं झालं. एक दिवस आधी केल्याने बिघडत नाही असं ठरलं. जाणारा-येणारा एक इंटर्न थबकला, तर त्याच्या हातावर आत्याबाईंनी साखर ठेवली आणि तो खात खात गेला.

मी तोंड घट्ट मिटून उभी होते. हसू येत होतं की रडू, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

सगळं मांडून झाल्यावर आत्याबाईंनी पिशवीच्या तळातून रेवाच्या वहीतला फाडलेला एक कोरा कागद काढला आणि एक पेन. दोन्ही वरवंट्यापुढे ठेवलं. सटवाईला लिहायला ठेवतात, तसं. आम्ही सगळे त्या कागदाकडे बघत राहिलो. बोळात कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

“आता?” रणधीरने विचारलं.

“आता काय. रात्री यीऊन लिवती ती,” आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी काचेकडे बघितलं, काचेच्या दाराला असलेल्या कुलपाकडे बघितलं. “हितं रात्री कोण सोडणार तिला?”

त्यांनी कागद आणि पेन उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

“तूच लिव.”

मी म्हटलं, आत्याबाई, मी काय लिहिणार.

“आई हाईस. तू न्हाई लिवलंस, तर त्यांचं लिवणारं कोण हाय दुसरं?”

मी खाली बसले. वर्षभर मला वाटत होतं, की मला निवड करायची आहे, तीन वाटांतली एक. पेन हातात आल्यावर कळलं, की मला ते करायचंच नव्हतं. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

मी पहिली ओळ लिहिली: कुणाच्या तरी डोळ्यांत जा. दुसरी लिहिली: तूही जा, भावंडासोबत राहा. तिसरीपाशी थांबले. प्रयोगातलं मला कळतं. दहातले नऊ फसतात. मग लिहिलं: काही उपयोग झाला नाही तरी चालेल, आई रागावणार नाही.

कागद मी रणधीरला दिला. त्याने वाचला आणि पहिल्यांदाच तू म्हणशील तसं असं म्हणाला नाही. म्हणाला, “मलाही हेच म्हणायचं होतं. मला येत नव्हतं.”

मग आम्ही सह्या केल्या. डॉक्टर मुजावरांनी पुन्हा एकदा विचारलं, की कोणाचं दडपण नाही ना. मी वरवंट्याकडे बघितलं आणि नाही म्हटलं. त्या हसल्या, पण त्यांनी कागदपत्रं घेतली ती दोन्ही हातांनी. आत्याबाईंनी त्यांची ओटी भरायला नारळ पुढे केला. कोटाला पदर नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी कोटाचं टोक पसरलं. त्या गेल्या. रणधीर गाडी काढायला खाली गेला.

मी पंचा आवरायला लागले, तर आत्याबाई उठेनात. काचेला पाठ लावून बसून राहिल्या. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

“तिघांचं झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“जागा हाय कागदावर?”

मी कागद बघितला. खाली दोन-तीन ओळींची जागा होती. म्हटलं, आहे की.

“मग आणि एक लिव.”

“कुणाचं?”

आत्याबाईंनी बॅटरी बंद केली आणि पिशवीत घातली. माझ्याकडे न बघता बोलल्या.

“रणधीरच्या आधी एक झालं हुतं मला. पोरगा. चौथ्या दिवशी गेला. पाचवीसाठी ह्यांनी वरवंटा धुऊन ठेवला हुता, त्यो तसाच ऱ्हायला. लोक म्हणाले, नशिबात न्हवतं. पर नशीब लिवायला कोण आलंच न्हाई, तर नशिबात न्हवतं आसं कसं म्हणत्यात?”

मी त्यांच्या घरात आठ वर्षं होते. रणधीर त्यांच्या पोटी जन्मला होता. आम्हा दोघांना यातलं काहीही माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी काचेला टेकून बसले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला, थोडा वेळच, आणि मग सोडवून घेऊन पेन माझ्या हातात दिलं.

“लिव.”

“काय लिहू, आत्याबाई? तुम्हीच सांगा.”

“मला काय इचारतीस?” त्या म्हणाल्या. “सटवाई कवा आईला इचारून लिवती व्हय?”

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी कागद गुडघ्यावर घेतला. लिहायला लागले, ते थांबवेना. उरलेली जागा कधीच संपली, आणि कागद उलटून मला मागच्या बाजूला लिहावं लागलं.